बाबूनं अंगावर घेतलेली केस

बाबू वाघमारे पहिल्यांदा जेलात गेला तेव्हा त्याच्या बायकोनं, चांगुणानं, त्याला भाकरी बांधून दिल्या होत्या. परगावी निघालेल्या माणसाला देतात तशा, वर ठेचा आणि एक कांदा. गुन्हा बाबूनं केलेला नव्हता. मालकाच्या मळ्यात हातभट्टीची दारू सापडली होती, मालकाचं नाव येऊन चालणार नव्हतं, म्हणून सालगड्यानं केस घेतली, एवढंच. निजामाच्या जुन्या मुलखातल्या, ईटपासून वाशीपर्यंतच्या त्या माळरानात ही गोष्ट कुणाला जगावेगळी वाटत नसे. सालगडी औत हाकतो, गोठा झाडतो, पिकाला पाणी देतो, तशी वेळ आली तर केसही घेतो. 'बाबूवर केस झाली' असं कुणी म्हणालं नाही. 'बाबूनं केस घेतली' असंच म्हणाले, एखाद्यानं खांद्यावर पोतं घ्यावं तसं. तीन महिने आत बसायचं, मालकानं घरी दाणे पोचवायचे, बाहेर आल्यावर एक धोतरजोडी. बाबू परत आला तो अंगानं भरून आला. पारावरची माणसं म्हणाली, "सरकारी भाकर मानवली की रं बाब्या तुला!" बाबूही त्यांच्यात मिसळून हसला.

चांगुणाला मात्र हसू आलं नाही. ती जळकोटकडची. बहात्तरच्या दुष्काळात लग्न होऊन आली आणि अंगाची हळद उतरायच्या आत तलावाच्या कामावर माती वाहायला गेली. आपला संसार तिथं वाटलेल्या सरकारी सुकडीवर उभा राहिला असं ती स्वतःच सांगायची. तोंडानं फटकळ होती. गावात तिला तोंडाळ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. नवरा अगदी उलटा. बैलांशी तासन्‌तास बोलेल, पण माणूस समोर आला की मान खाली. असल्या माणसाला शिव्या घालायच्या की जपायचं, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. मग ती दोन्ही करायची.

"तुमच्या बापानं मेलेली ढोरं वढायचं सोडलं," ती त्या वेळी म्हणाली होती. "धम्म घेतला, गावकीची समदी कामं टाकली. आन तुमी मालकाच्या केसी वढायलाव व्हय?"

"आगं, तात्यांनी जिम्मा घेतलाय," बाबू म्हणाला.

"जिम्मा त्यांचा आन जेल तुमचा."

बाबू उठून बैलांकडं गेला.

तात्या म्हणजे महारुद्र तात्या. गावातला मोठा जमीनदार, सोसायटीचा चेअरमन, आणि नव्या सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर डोळा ठेवून बसलेला माणूस. त्याला राक्षस म्हणून मोकळं होता येत नाही, हीच अडचण आहे. बहात्तरला त्यानं पेवातली ज्वारी सालगड्यांच्या घरी दिली होती. बाबूची आई अंथरुणाला खिळली तेव्हा दवाखान्याला बैलगाडी त्यानंच जुंपून दिली. बाबू हे काही विसरला नव्हता, आणि तो विसरणार नाही ह्याची तात्याला खात्री होती. उपकार करणाऱ्याला हिशेब ठेवावाच लागत नाही. घेणारा तो जन्मभर ठेवतो.

सालगड्यांची बोलायची एक तऱ्हा असते. मालकाच्या बैलाला ते 'आमचा बैल' म्हणतात, मालकाच्या विहिरीला 'आमची हीर'. आमच्या रानात आवंदा तूर चांगली हाय, असं बाबू पाहुण्यांना सांगायचा तेव्हा नवख्या माणसाला वाटावं, ह्याची वीस-पंचवीस एकर तरी असेल. ह्याच्या नावावर उंबऱ्याएवढीही जमीन नव्हती. पण ज्या रानात माणसाचा घाम जिरतो त्याला परकं म्हणायला जीभ वळत नाही. चांगुणा चिडवायची, "तुमचं रान हाय तर एक वांगं तरी न इचारता आणून दावा." तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आमचं रान' म्हणायचा.

पंच्याऐंशी साली पाऊस असा रुसला की खरिपाची धूळपेरणी धुळीतच राहिली. विहिरींनी तळ दाखवला. लोकं रोजगार हमीच्या खडीवर गेली. तात्याच्या मळ्यातल्या विहिरीला मात्र पाणी होतं, कमी झालं तरी होतं. दिवाळीच्या अगोदर जीपमधून एक व्यापारी आला, मळ्यातल्या खोलीत बसून तात्याशी बोलून गेला, आणि जाताना बियाण्याची पिशवी ठेवून गेला. कडेनं कांदा आणि लसूण, मधल्या वाफ्यांत ते नवं बी. बाबूनं वाफे केले, बाबूनं बी टाकलं, बाबूनंच पाणी दिलं.

"काय हाय ओ तात्या हे?" चांगुणानं विचारलं होतं.

"खसखस हाय. लाडवाला, शिऱ्याला लागती की. सोन्याच्या भावानं जाती."

खसखसच होती ती, खोटं काही नव्हतं. माघात पांढरी फुलं आली तेव्हा चांगुणाला त्या करपलेल्या माळावर तेवढा तुकडा बघून बरं वाटायचं. मग फुलं गळाली, हिरवी बोंडं धरली, आणि व्यापाऱ्यानं एक माणूस पाठवला. दुपारी बोंडांना बारीक चिरा द्यायच्या, सकाळी चिरांतून बाहेर येऊन वाळलेला तपकिरी चीक खरडून डब्यात भरायचा, हे त्यानं बायकांना शिकवलं. चांगुणाची बोटं चिकट व्हायची, डोकं जड व्हायचं. खसखस बोंड वाळल्यावर काढतात, एवढं तिलाही कळत होतं. हा चीक कशाला? बाबूला तिनं तसं बोलूनही दाखवलं. "तात्यांना ठाव आसंल," तो म्हणाला. रोजगार हमीपेक्षा इथं मजुरी बरी होती आणि लेकरांच्या पोटात भाकर जात होती. तिनंही मग तो विषय वाढवला नाही. गरिबाला शंका परवडत नाही, हे कुणी सांगितलं नाही तरी त्याला कळतं.

इकडे हे चाललं होतं तेव्हा तिकडे दिल्लीत नवा कायदा आला होता. तोही त्याच दिवाळीत. मुंबईत अफूपासून काढलेल्या गर्दच्या पुड्या गल्लोगल्ली मिळायला लागल्या होत्या, पोरं नाल्यांकडेला मरून पडत होती, परदेशातून बोटींनी माल येत होता आणि जात होता. त्या टोळ्यांचं कंबरडं मोडायचं म्हणून सरकारनं कडक शिक्षा आणल्या. जुन्या कायद्यात असल्या गुन्ह्याला थोडक्या काळाची कैद असायची, दंड भरून सुटणारेही सुटायचे. खसखशीच्या बोंडाचा चीक म्हणजेच अफू. नव्यात अफूची लावण करणाऱ्याला कमीत कमी दहा वर्षं, आणि एक लाख दंड. मुंबईत मरणाऱ्या पोरांच्या आयांना विचाराल तर त्या म्हणतील, फाशी द्या. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पण जाळं मोठ्या माशांसाठी विणलं तरी ते टाकतात उथळ पाण्यात. टाकणाऱ्यालाही आपला जीव असतोच.

आमच्या माळावर हा कायदा पोचला नव्हता. तिथं अजून तीन महिन्यांचाच भाव चालू होता.

जीप सकाळी आली, चीक खरडायच्या वेळेला. पोलीस, एक फौजदार, आणि साध्या कपड्यांतले दोघं, ते बाहेरचे वाटत होते. बायका कांद्यातून पळाल्या. व्यापाऱ्याचा माणूस आणि भरलेले डबे चार दिवसांपूर्वीच गायब झाले होते, उरलेल्या एका डब्यात बोटभर चीक होता. चांगुणा पळाली नाही, कारण बाबू वाफ्याच्या दाऱ्यावर पाणी वळवत उभा होता. हातात खोरं, तसाच.

"हे रान कुणाचं?" फौजदारानं विचारलं.

"आमचंच की साहेब," बाबू म्हणाला.

आयुष्यभर ऐकलेला शब्द, पण त्या सकाळी पहिल्यांदाच तो चांगुणाला फौजदाराच्या कानांनी ऐकू आला. ती पुढं झाली, "न्हाय वो साहेब, मालकाचं हाय, आमी सालगडी." फौजदारानं हातानंच तिला गप्प केलं.

"पीक कुणी लावलं?"

"आमीच लावलं."

"पाणी?"

"आमीच."

पेरणी-पाण्याच्या ह्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. बी त्याच्याच हातानं पडलं होतं. पंचनाम्यात ते जसंच्या तसं उतरलं, गावातल्या दोघांनी पंच म्हणून अंगठे दिले, आणि बाबूला जीपमध्ये बसवलं. बैल सोडायचे राहिलेत, असं तो जाता जाता ओरडून सांगत होता.

संध्याकाळी तात्या स्वतः बौद्धवाड्यात आला. ह्यापूर्वी कधी आला नव्हता. काम असलं की निरोप यायचा. चांगुणाच्या दारासमोर उभा राहून त्यानं आवाज खाली आणला.

"चांगुणा, बाबूनं जबाब दिलाय, आता फिरवायचा न्हाय. माज्या नावावर आलं तर कारखान्याचं गेलं, सोसायटीचं गेलं, आन गावचंबी गेलं. त्याला सांग, मागच्यासारखंच. तीन म्हैने. लई झालं तर सहा. वकील माजा. त्यो येईस्तवर तुज्या घरी ज्वारी कमी पडणार न्हाय."

चांगुणानं त्याच्याकडं बघितलं. तिच्या तोंडात शंभर शिव्या होत्या. मागं घरात दोन लेकरं होती आणि मडक्यात उद्यापुरतं पीठ. आड कोरडा, खडीचं काम आठवड्याआड. तीन महिने आपला माणूस आत बसून खाईल आणि आपण बाहेर बसून खाऊ, असा तिनं विचार केला.

"ज्वारी म्हैन्याच्या म्हैन्याला पायजे," ती म्हणाली. "मागच्यासारखी किडकी न्हाय."

"दिली."

"मग सांगते."

आणि तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन, गजांआडून, भाकरी देता देता. बाबूनं मान डोलावली. त्याला तर सांगायचीही गरज नव्हती. ह्या 'सांगते'साठी चांगुणा पुढं कितीदा स्वतःचं तोंड बडवून घेणार होती, ते त्या वेळी तिला कसं कळावं?

तात्यानं शब्द पाळला. ज्वारी येत राहिली, तीही निवडलेली. तीन महिने झाले, सहा झाले. मध्ये कारखान्याची निवडणूक झाली, तात्या निवडून आला, गुलाल उधळत मिरवणूक गेली. बाबूला जामीन काही मिळेना. जामीन राहणार कोण? ज्याच्याकडं सातबारा आहे तो. आणि सातबारा असलेला कुठला माणूस अफूच्या आरोपीला जामीन राहील? बाबू जिल्ह्याच्या जेलात बसून होता आणि चांगुणा तारखेला एसटीनं जाऊन कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसायची.

तिथंच एकदा पंचाक्षरी वकील तिच्यापाशी येऊन उभे राहिले. तात्यानं दिलेले वकील, वयस्कर, पानानं तोंड रंगलेलं. त्यांनी पान थुंकलं आणि रुमालानं तोंड पुसलं.

"बाई, तुम्हाला कुणी सांगितलंय का, ही केस किती दिवसांची आहे?"

"तीन म्हैन्याची. आता तर लई झालं. कवा सोडत्याल?"

"ही दारूची केस नाही. नवा कायदा आहे. कमीत कमी दहा."

"धा म्हैने?"

"वर्षं, बाई. दहा वर्षं. वर लाख रुपये दंड, नाही भरला तर आणखी. आणि जज्जाच्या मनात आलं तरी ह्याच्या खाली त्याला येता येत नाही. कायद्यानंच हात बांधलेत त्याचे."

चांगुणानं शेजारचं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. वकील म्हणाले, "मी तात्यांकडून पैसे घेतलेत, मला हे बोलायचं नव्हतं. पण तुम्ही दर तारखेला येताना त्याच्यासाठी धुतलेलं धोतर घेऊन येता. आज सुटेल म्हणून. बघवत नाही." एवढं बोलून ते निघून गेले. भला माणूस असेल, पण दुसऱ्या दिवशीही तो तात्याचाच वकील होता.

ती तशीच मळ्यात गेली. तात्या तिथल्या खोलीत बसला होता. तिनं दारातूनच विचारलं, "तुमाला ठाव हुतं?"

"आदी न्हाय," तात्या म्हणाला. "लेकराची आण. मागनं कळलं."

"मग मागनं का बोलला न्हाई?"

तात्या खरंच खचलेला दिसत होता, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला.

"तूच सांग, काय करू," तो म्हणाला. "म्या खरं सांगितलं तर धा वर्सं मला. कोण जाईल आपणहून?"

"ज्याचं रान त्यो जाईल! पैका तुमच्या घरात आला, न्हवरा माजा का जातोय?"

"चांगुणा, तोंड सांबाळ. ज्वारी येतीय ना घरी?"

त्यानं ते दमदाटीनं म्हटलं नाही, जरा अजिजीनंच म्हटलं. पण तिला नीट समजलं.

जेलात भेट झाली तेव्हा तिनं बाबूला सगळं सांगितलं. त्याला आधी पटेना. मग पटलं, तेव्हा तो पहिलं काय बोलला? "म्हंजी तात्यांनाबी धा वर्सं व्हत्याल की." त्याच्या डोळ्यांपुढं तात्या आला, स्वतः आला नाही. चांगुणानं जाळीवर हात आपटला.

"आन तुमाला व्हत्याल त्याचं काय? तुमी सुटून येताल तवा म्या म्हातारी झाले आसन. पोरीचं लगीन होऊन गेलं आसंल, पोरगा तुमाला वळखायचा न्हाय. तात्या येणारेत का माज्या उशाला बसायला?"

"खाल्ल्या मिठाचं काय, चांगुणा?"

"मीठ काय फुकट दिलं का त्यांनी? आवं, उभ्या जल्माचा घाम घातलाय त्या रानात. फिटलं मीठ. तुमी नसताना घर खायला उठतंय मला. कुणाशी भांडू म्या?"

बाबू रडला. लग्नानंतर तिनं त्याला रडताना पाहिलं ते आईच्या मातीला, आणि त्यानंतर आज. मग तो म्हणाला, "बरं. सांगतो खरं." एवढ्या तीन शब्दांवर चांगुणा घरी आली ती जणू तो सुटल्यासारखीच आली. खरं सांगितलं की कोर्ट सोडतं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

सत्त्याऐंशी साली जिल्ह्याच्या कोर्टात केस उभी राहिली. आधी साक्षी झाल्या. सातबारा तात्याच्या नावावर होता, ते काही लपणार नव्हतं. पण तात्या पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर म्हणाला, रान मी बाबूला बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलं होतं, तोंडी. त्यानं काय पेरलं मला माहीत नाही, मी निवडणुकीच्या गडबडीत होतो. गावातल्या दोघांनी त्याला दुजोरा दिला. पंचनाम्यात तर बाबूचेच शब्द होते.

मागच्या बाकावर बसलेल्या चांगुणाला सासऱ्याची ऐकलेली गोष्ट आठवली. निजामाचं राज्य गेल्यावर कूळकायदा आला, तेव्हा हेच रान तो वर्षानुवर्षं कसत होता. चौकशीला अधिकारी आले, आणि तात्याच्या बापाच्या सांगण्यावरून म्हाताऱ्यानं जबाब दिला, आम्ही कूळ नाही, नुसते सालगडी आहोत. कूळ म्हणाला असता तर रान आज बाबूच्या नावावर असतं. बाप कसत होता तरी सालगडी ठरला, आणि लेक सालगडी होता तर बटईदार ठरला. रान मात्र दोन्ही वेळा जिथल्या तिथंच राहिलं.

मग जज्जांनी बाबूला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? बाबूनं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढ्या माणसांपुढं बोलत होता. "साहेब, म्या सालगडी हाय. रान तात्यांचं. बी जीपवाल्यानं दिलं, तात्यांनी लावाय लावलं. म्या केस घेतलीय."

'केस घेतलीय' ह्याचा अर्थ तिथं कुणाला कळला नाही. सरकारी वकील उठले. पंचनाम्याच्या वेळी रान आपलं आहे म्हणालास की नाही? म्हणालो. पीक आपणच लावलं म्हणालास की नाही? म्हणालो. ह्याआधी दारूच्या गुन्ह्यात शिक्षा भोगली आहेस? भोगली. तीही दुसऱ्याचीच होती का? बाबू म्हणाला, व्हय साहेब, तीबी तात्यांचीच. कोर्टात खसखस पिकली. सराईत गुन्हेगार दर वेळी दुसऱ्याचं नाव सांगतो, वकील म्हणाले, आणि खाली बसले. पंचाक्षरी वकिलांनी काय विचारावं? ते तात्याच्या पैशानं उभे होते. त्यांनी कागद चाळले.

तो खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता, खरं बोलला तेव्हा कुणीच ठेवला नाही.

शिक्षा वाचली गेली. दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड, न भरल्यास आणखी कैद. बाबूनं इकडं तिकडं पाहिलं, आणि अगदी समजावणीच्या सुरात जज्जांना म्हणाला, "साहेब, ही तीन म्हैन्याची केस हुती. आमाला तीनच म्हैने सांगितले हुते."

मागं दोघंतिघं हसले. जज्ज हसले नाहीत. त्यांनी कागदावर नजर ठेवूनच पुढची केस पुकारायला सांगितली.

पेपरात दोन ओळी आल्या, अफूच्या टोळीवर घाला म्हणून. टोळी म्हणजे बाबू. जीपमधला व्यापारी कुणी शोधला नाही. त्याचं खरं नाव कुणाला माहीतही नव्हतं. खसखस तात्याच्या मळ्यातून गेली ती पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या एका बागायतदाराकडं, मक्याच्या आत. कायदा कडक झाल्यावर एक गोष्ट तेवढी बदलली. व्यापारी आता मालकांना आधीच विचारायचा, केस घेणारं माणूस तयार आहे का? माणूस ठरल्याशिवाय तो बी देईना.

बाबू कोर्टात बोलला त्या दिवसापासून चांगुणाच्या घरी ज्वारी यायची बंद झाली. तिनं मागितलीही नाही. ती खडीवर गेली, मग कारखान्याच्या ऊसतोडीला गेली. बाबूला लांबच्या मोठ्या जेलात हलवलं होतं. तिकडं जायला वर्षातून एकदा जमायचं. तिथं तो वाळून गेला होता. ह्या वेळची सरकारी भाकर त्याला मानवली नव्हती. तो तिला दोष देत नसे, आणि त्यानंच ती जास्त पोळायची. आपण आधी 'घ्या' म्हणून सांगितलं ते चुकलं, की नंतर 'बोला' म्हणून सांगितलं ते चुकलं, ह्याच एका गोष्टीवर ती काम करता करता स्वतःशी भांडत असायची.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एक अनोळखी बाई बौद्धवाड्यात चांगुणाचं घर विचारत आली. नाव कडूबाई. दोन एकर कोरडवाहूची धनीण, पलीकडच्या खोऱ्यातली. तिचं गाव असं, की तिथल्या बायका ह्या वस्तीवरचं पाणी घेत नाहीत. चांगुणानं तांब्या पुढं केला तेव्हा ती क्षणभर घुटमळली, मग घटाघटा प्यायली. उन्हातून पायीच आली होती.

"आमच्या ह्यांना एक बागायतदार केस घ्या म्हनायलाय," ती म्हणाली. "मक्यातली खसखस धरली काल, आन ठरल्यालं माणूस ऐन येळला पळालं. तुमच्याकडं घेतली हुती म्हनून कळलं. म्हनलं, इचारावं."

चांगुणानं त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि भडाभडा सगळं सांगितलं. तीन महिने म्हणतात पण दहा वर्षं होतात. जामीन मिळत नाही. वकील त्यांचा असतो. खरं सांगितलं तरी कोर्ट ऐकत नाही. "घेऊ देऊ नको, बाई. उपाशी मर, पर ही केस घेऊ देऊ नको. माजं बघ काय झालंय."

कडूबाईनं ते सगळं लक्ष देऊन ऐकलं. दहा वर्षं ऐकून ती दचकली नाही. तिला ते ठाऊक होतं.

"धा वर्सं ठाव हाय. बागायतदारानंच सांगितलं," ती म्हणाली. "त्यो म्हन्तो, धाबी वर्सं दानं देतो. म्या तेच इचाराय आले. देत्यात का खरंच? तुमाला दिलं का?"

चांगुणानं धरलेले हात सोडले.

"दिलं... हुतं. ह्ये कोर्टात खरं बोलले, त्या दिसापसनं बंद केलं."

"आन बोलले नसते तर?"

खोटं सांगावं, असं चांगुणाच्या मनात आलं. पण कडूबाईच्या डोळ्यांकडं बघून तिला ते जमलं नाही.

"आलं आसतं," ती म्हणाली.

कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. "मग आमच्या ह्यांना सांगते, कोर्टात तोंड उघडू नका म्हनून," ती म्हणाली, आणि आल्या वाटेनं घाईघाईनं निघाली.